भर हिवाळ्यात, दारापर्यंत

लोअर हट, वेलिंग्टनजवळ, ८ जून

चि. प्रणिता,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण आज ते रागासकट घे. तू फोन नंबर बदललास, नवा कुणाला दिला नाहीस, आणि सचिनला, सख्ख्या भावाला, कळवलास तो नुसता पत्ता. तोही कसला, तर रस्त्याच्या कडेला खांबावर ठोकलेली पेटी! त्यामुळे तुझ्या आईला या वयात पेन घेऊन बसावं लागतंय. बाबांना यातलं काही माहीत नाही. ते गॅरेजमध्ये आहेत. हल्ली ते गॅरेजमध्येच असतात.

काय करतात ते तू विचारणार नाहीस, तरी सांगते. सचिनची जुनी हायलक्स गाडी खोल बर्फात चालवायला तयार करतात. इथे, लोअर हटमध्ये! जिथे बर्फ बघायचा तर फ्रीजरचं दार उघडावं लागतं!

आधी मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून चाललंय. पुण्याहून आलो की पहिले काही दिवस ते सचिनच्या घराचे नळ आणि बिजागऱ्या बघतात, मग कंटाळून खिडकीत बसतात. या खेपेला नळांकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. खोल खाचांचे टायर आले. लांब दांड्याचं फावडं आलं. दोन नारिंगी फळ्या आल्या, चाक रुतलं की खाली सरकवायच्या. ओढायचा पट्टा आला. रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून हिरवं औषध आलं. आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने हिरवी चिठ्ठी. आकुर्डीच्या कारखान्यात जन्मभर तपासणी खात्यात काढली ना, तिथे पास झालेल्या मालाला लावायचे तशी. फावड्यालासुद्धा हिरवी चिठ्ठी आहे! एवढ्या वर्षांत मला मात्र लावली नाही.

मी विचारलं, जायचंय कुठे? म्हणाले, "ओमारामाच्या पुढे." म्हटलं, काय आहे तिथे? म्हणाले, "रस्ता आहे."

हे असं आहे बघ. तुझं नाव घेणार नाहीत. पण मी काय खुळी आहे? तीन वर्षांपूर्वीचा गणपती तू विसरली नसशील. याच घरात मी मोदक वाढत होते आणि तू जाहीर केलंस की अल्बनीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून मेंढ्यांच्या स्टेशनवर राहायला चाललीस. मला तर आधी कळेना, स्टेशन म्हणजे कुठलं स्टेशन. मग कळलं, हजारो एकर डोंगर आणि त्यात मेंढ्या. बाबा म्हणाले, "मेंढ्या राखायला इंजिनीअर केलं का तुला?" तू ताटावरून उठलीस आणि म्हणालीस, "तुम्ही एकदा भर हिवाळ्यात माझ्या दारापर्यंत येऊन दाखवा, मग मला शिकवा." झालं! तू गेलीस ती गेलीसच. आणि या माणसाने ते वाक्य धरून ठेवलंय.

गेल्या डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्यात, आम्ही इथेच होतो. मी म्हटलं होतं, चला, जाऊन येऊ पोरीकडे, रस्ता मोकळा असेल. तर म्हणे, "उन्हाळ्यात कुणीही जाईल." ऐकलंस? पायात रबरी चपला घालून पोचलो असतो गं आम्ही! पण नाही. हिवाळाच पाहिजे, आणि तोही भर.

मला तुझं एकच उत्तर हवंय. आम्ही आलेलं चालेल का? हो की नाही, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

आई


लोअर हट, २० जून

चि. प्रणिता,

उत्तर नाही. बरं.

पेटीत पत्र पडलं असेलच. इथलं पोस्ट काही आपल्यासारखं शेजारच्या घरात टाकून जात नाही. म्हणजे वाचलंस आणि ठेवून दिलंस. बापाची मुलगी शोभतेस. तो तिकडे गॅरेजात तोंड मिटून, तू इकडे डोंगरात तोंड मिटून, आणि मधे मी एकटीच बडबडतेय, वेडी.

तर ऐक पुढचं. साखळ्या आल्या. बर्फात घसरू नये म्हणून चारही चाकांना घालायच्या, लोखंडी, ही जड! बर्फात रुतल्यावर घालायला गेलं की हात गोठतात म्हणे, म्हणून आधी कोरड्यात सराव करायचा. रविवारी सकाळी ड्राइव्हवेवर त्यांनी साखळ्या पसरल्या. मी चहा घेऊन गेले तर बघते, हे डोळे मिटून चाकामागे हात घालून चाचपताहेत. म्हटलं हे काय? म्हणाले, "बर्फात मागचा हूक दिसत नाही. हाताला सवय पाहिजे." मला पटलं बाई. मीसुद्धा बावळटच.

तासभर खुडबुड चालली. एकदा साखळी उलटी चढली, एकदा पीळ पडला. सचिन मधेच येऊन म्हणाला, "बाबा, इट्स ऑल गुड, मी घालून देतो ना." तर केवढ्याने ओरडले त्याच्यावर! तो बिचारा स्वतःच्याच गाडीपासून लांब जाऊन उभा राहिला. शेजारची बाई कुंपणावरून "किया ओरा" असा नमस्कार करून तिच्या झाडाची लिंबं देऊन गेली. तिला काय वाटलं असेल देव जाणे. लिंबं मात्र आयती मिळाली. निघायच्या दिवशी चाकांखाली ठेवायला लागतीलच.

आणि टायरमधली हवा कमी करायची म्हणे. टायर पसरतो, मग बर्फात खोल जात नाही. जन्मभर या माणसाने मला पंपावर हवा भरायच्या रांगेत उभं केलं, आणि आता मुद्दाम फुस्स करून सोडतोय!

बुधवारी त्यांनी गाडी मागे घेताना कचऱ्याचा डबा उडवला. भर दुपारी. चांगला कमरेएवढा, लाल झाकणाचा डबा. मला म्हणाले, "मधे कुणी ठेवला?" अहो, रोज तिथेच असतो! चष्म्याचा नंबर बदलला असेल. शुक्रवारी डोळे तपासायला नेतेय. तू काही काळजी करू नकोस. करतेयस असंही दिसत नाही.

शंकरपाळी केलीत. कुणासाठी ते सांगत नाही.

आई


लोअर हट, २ जुलै

प्रणिता,

दोन पत्रं गेली. एकाचंही उत्तर नाही. आता मी गोड बोलणार नाही.

चष्म्याचा नंबर बदललेला नाही. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजतोय. दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होत जातं. डॉक्टरीणबाई चांगली होती, हळूहळू समजावून सांगत होती, आणि हे शेजारी बसून मान डोलवत होते. ती काही नवीन सांगते आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसेना. बाहेर आल्यावर मी धरलं. म्हटलं, खरं बोला. तर पुण्यातच कळलं होतं! जानेवारीत! मला न सांगता रिक्षाने जाऊन तपासून आले होते. त्या डॉक्टरने सांगितलं होतं म्हणे, पुढच्या वर्षापर्यंत माणसांचे चेहरे ओळखू येतील की नाही सांगता येत नाही.

कळलं आता, हाच हिवाळा का? पुढचा हिवाळा येईल, बर्फही पडेल, पण तुझं तोंड त्यांना दिसायचं नाही.

मी पार्किंगमध्ये उभी राहून रडले आणि मग खूप भांडले. म्हटलं, एवढंच होतं तर सरळ माफी मागायची. पोरीला निरोप धाडायचा, ये म्हणायचं. तर काय म्हणाले माहिती आहे? "तिने येऊन दाखवा म्हटलंय. न जाता नुसतं तोंडाने काय बोलू?" मी कपाळाला हात लावला. या माणसाला सॉरी म्हणायला चार साखळ्या, दोन फळ्या आणि एक फावडं लागतं.

गाडी चालवायला त्यांना बंदी आहे. किल्ली मी माझ्या पर्समध्ये ठेवली. मग तिसऱ्या दिवशी सकाळी मी सचिनची ट्रॅकपँट चढवली, गॅरेजमध्ये गेले आणि म्हटलं, शिकवा मला. मी लक्ष्मी रोडवरून वर्षानुवर्षं गाडी चालवलेली बाई आहे, मेंढ्यांना काय घाबरते? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे थोडं माझ्या कानाकडे पाहिलं. हल्ली तसंच बघतात, कडेने. मी इतके महिने समजत होते, लक्ष नाही माझ्याकडे.

आता साखळ्या मी घालते. ते शेजारी स्टुलावर बसून हुकूम सोडतात. "आधी आतला हूक. पीळ बघ. थोडी पुढे घे, मग परत आवळ." बर्फात ब्रेक मारायचा नाही, दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची, चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, हट्टाने दाबायचा नाही. मी म्हटलं, हे तुम्हाला घरात का नाही जमलं कधी? हसले. कित्येक महिन्यांनी हसले गं.

सचिन यायला तयार होता. त्यालाही नाही म्हणाले, तो आला तर तो घेऊन गेला असं होईल म्हणे. सचिन माझ्यावर चिडलाय की मी यांना साथ देते. चिडू दे. मी रोज मुक्कामावरून फोन करीन असं कबूल केल्यावर त्याने गाडी दिली.

दहा तारखेला फेरीबोटीने खालच्या बेटावर, पिक्टनला उतरतोय. यायला नको असेल तर तसं सचिनला कळव. आम्ही परत फिरू. मी त्यांना काहीतरी थाप मारीन, रस्ता बंद आहे म्हणून. पण गप्प बसू नकोस. गप्प बसणं मला सोसत नाही. तुमच्या दोघांच्या गप्प बसण्यापायी माझं घर अर्धं झालंय.

आई


ओमारामा, ११ जुलै, संध्याकाळ

प्रणिता,

सचिनला तुझा निरोप नाही, म्हणजे आम्ही येतोय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, उद्या तुझ्या हातातच देईन. पण आत्ता लिहिलं नाही तर मी या माणसाचं डोकं फोडीन.

निघताना सगळं यथासांग झालं. लिंबं, नारळ, सगळं. टाकी फुल्ल, वर दोन कॅन फुल्ल. तुला आठवत असेल, आपण पुण्याहून महाबळेश्वरला निघालो तरी ते आदल्या दिवशीच टाकी फुल्ल करून यायचे. रस्त्यातल्या पंपावर त्यांचा कधी विश्वास नाही. काल दिवसभर आणि आज मी गाडी हाकली. दुपारी टाकी रिकामी होत आली तेव्हा दोन्ही कॅन त्यात ओतले, स्वतःच्या हातांनी, एक थेंब न सांडता.

इथे आलो तर पंपावरच्या मुलीने आपणहून विचारलं, डिझेल कुठलं आहे? मी सांगितलं, वेलिंग्टनकडचं. ती म्हणाली, उत्तरेकडचं डिझेल इथल्या थंडीत मेणासारखं थिजतं, इथे हिवाळ्यात वेगळं डिझेल मिळतं, जमेल तेवढं तेच भरून मिसळून घ्या. मला पटलं. भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा. हिमरेषा फळ्यावर मीच काढायचे, प्रत्यक्ष आजच पाहिली. पण हे खिडकीतून म्हणाले, "थँक यू, वी आर फुल्ल." आणि मला मराठीत, "माल खपवायचाय तिला. मी तपासलेलं डिझेल आहे." कॅनला हिरवी चिठ्ठी होती ना!

मी म्हटलं, अहो, भरू या थोडं. म्हणाले, "उर्मिला, गाडी तू चालव. गाडीतलं काय ते मला बघू दे. तेवढं तरी." मी गाडी पंपावरून पुढे काढली.

मोटेलबाहेर गाडी उभी आहे. काचेला चिकटू नयेत म्हणून वायपर उभे करून ठेवलेत. आणि खरंच फार थंडी आहे गं. तू अशात कशी राहतेस? पायमोजे तरी धड आहेत का तुझ्याकडे?

आई


तुझ्या पेटीपाशी, १२ जुलै

प्रणू,

सकाळी गाडी चालू झाली. हे माझ्याकडे असे पाहत होते की बघ, म्हटलं नव्हतं? मोठा रस्ता सोडला, दरीतल्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना पांढरं, पण रस्ता साफ केलेला. मग हळूहळू गाडी दमायला लागली. चढाला ओढेना. खोकली, धक्के दिले, आणि तुझ्या फाट्याशी, या पेटीच्या बरोबर समोर, मेली. आता किल्ली फिरवली की नुसतं घर्र घर्र करते. टायर उत्तम, बॅटरी उत्तम, फावडं उत्तम. डिझेलचं मेण झालंय.

मी एक शब्द बोलले नाही. देवाशप्पथ. ते उतरले, मागे गेले, कॅनची हिरवी चिठ्ठी सोडवली आणि खिशात घातली. मग म्हणाले, "साखळ्या चढवू या." म्हटलं, अहो, गाडी बंद आहे! म्हणाले, "इथून पुढे बर्फच आहे. तयार असलेलं बरं." आणि मग मी बोलले. जे जे तोंडाला आलं ते सगळं बोलले, चाळीस वर्षांचं. ते ऐकत उभे राहिले, हातात साखळी घेऊन. नाक लाल झालं होतं. मग काय करणार, मी खाली बसले आणि साखळ्या घातल्या. चारही चाकांना. एकदाही पीळ पडला नाही. बंद गाडीला अशा सुंदर साखळ्या कुणी घातल्या नसतील.

फोनला रेंज नाही. संध्याकाळपर्यंत माझा फोन गेला नाही तर सचिन शोध घेईल, आणि रजया आहेत, त्यामुळे मरत नाही. हॉर्न वाजवून झाला. काही सुचेना म्हणून मी कालचं पत्र तुझ्या पेटीत टाकायला गेले. झाकण गोठलं होतं, फावड्याने ठोकून उघडलं.

आत माझी तिन्ही पत्रं होती. बंद. ओळीने, आली तशी. वर बियाण्यांची एक जाहिरात आणि कुठलंसं बिल.

मग मी तुझ्या वाटेकडे पाहिलं. मांडीएवढा बर्फ, त्यावर एक पाऊल नाही. कित्येक दिवसांत इथपर्यंत खाली कुणी आलेलंच नाही. म्हणजे तू वाचून गप्प बसली नव्हतीस. तुला काही माहीतच नाही. आम्ही येतोय हे माहीत नाही, डोळ्यांचं माहीत नाही. आणि मी इतके दिवस इथे तुला शिव्या घालतेय, मनातल्या मनात आणि मोठ्यानेही. मी तिथेच पेटीला धरून उभी राहिले. हसू येत होतं की रडू, कोण जाणे. दोन्ही येत होतं.

पत्रं गाडीत आणली. बाबांनी विचारलं, "काय मिळालं?" म्हटलं, जाहिरात.

ते आता पुढच्या काचेतून तुझ्या वाटेकडे बघताहेत. म्हणाले, "दार किती लांब असेल गं?" म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, "म्हणजे हे काही धरायचं नाही. फाट्यापर्यंतच आलो आपण." मी त्यांच्या मांडीवर रजई टाकली. रागाने म्हणत नाही, पण असा माणूस माझ्याच नशिबी का आला, हे मला एकदा देवाला विचारायचंय.

थांब. आवाज येतोय.

वरून ट्रॅक्टर येतोय. हॉर्न ऐकू गेला असणार. पुढच्या फाळाने बर्फ बाजूला सारत हळूहळू येतोय, मागे दोन कुत्री उड्या मारताहेत. चालवणाऱ्याच्या अंगात मोठा मेणकापडी कोट आहे, डोक्यावर लोकरीची टोपी.

बाबा म्हणाले, "कुणीतरी माणूस येतोय, बघ."

मी बघतेय. त्या माणसाने आत्ताच मनगटाने टोपी कपाळावरून मागे सारली. अभ्यासाला बसलीस की केस तसेच मागे सारायचीस तू, हाताचा तळवा न लावता, मनगटाने. वजन उतरलंय तुझं. गाल लाल झालेत. छान दिसतेयस.

अगदी जवळ आलीस. वीस पावलांवर. उन्हात तुझं तोंड स्वच्छ दिसतंय. आणि हे तुझ्याकडेच बघताहेत, सरळ तुझ्याकडे, आणि मला सांगताहेत, "उर्मिला, तू नीट इंग्रजीत विचार त्याला. म्हणावं, वर आमची मुलगी काम करते, प्रणिता. ती बरी आहे का, तेवढंच विचार. आम्ही आलो होतो ते सांगू नको म्हणावं. दारापर्यंत काही जमलं नाही."

यांना कसं सांगू गं? म्हणून लिहितेय वेड्यासारखी. तू ट्रॅक्टर थांबवलास. आमच्याकडे बघत तशीच बसलीस.

मी काही विचारत नाही म्हणून शेवटी त्यांनीच गाडीचं दार उघडलंय. टोपी काढून हातात घेतलीय आणि तुला म्हणताहेत, "गुड मॉर्निंग, सर."

उत्तर आता तूच दे.

आई